मामाजींनी आंबा साफ केला

सासऱ्यांना ऑर्किडचं प्रदर्शन दाखवायला सोबत न्यायचं, हा निर्णय गणपतराव भोयरांनी दाढी करता करता घेतला. दाढी करताना माणसानं निर्णय घेऊच नयेत. समोर सारखा स्वतःचाच चेहरा असतो आणि तो स्वतःला हुशार वाटतो.

तसं पाहिलं तर गणपतरावांनीसुद्धा त्या प्रदर्शनाला जायचं काही कारण नव्हतं. त्र्याहत्तर सालचा डिसेंबर. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेलं. मुंबईचे मंत्री गळ्याला मफलर गुंडाळून संत्री सोलत बसलेले. आणि 'दैनिक लोकडंका'त अठ्ठावीस वर्षं वार्ताहरी केलेला, सरकारच्या नाकी नऊ आणलेला (असं ते स्वतः सांगत) माणूस फुलं पाहायला निघालेला!

याचं कारण म्हणजे आदल्या वर्षीची एक बातमी. सभागृहात एक उपमंत्री झोपले होते. उपमंत्री झोपतात, त्यात बातमी नाही. पण गणपतरावांनी घड्याळ लावून नोंद केली : 'दुपारी २.१० ते २.४०. पुन्हा ३.०५ ते सभागृह तहकूब होईपर्यंत. दुसऱ्या सत्रात घोरण्याचा आवाज पत्रकार कक्षापर्यंत.' उपमंत्र्यांचं पत्र संपादकांना आलं. ते पत्र मात्र जागेपणी लिहिलेलं होतं.

संपादक बाबाराव थंड डोक्याचे गृहस्थ. वर्षभर काही बोलले नाहीत. अधिवेशन सुरू व्हायच्या दिवशी म्हणाले, "गणपतराव, गॅलरीचा पास यंदा गिरिधरला दिला."

"गिरिधरला? अहो, त्याला नोकरीला लागून तीन वर्षं झाली नाहीत! तारांकित प्रश्न म्हणजे त्याला ज्योतिषाचा भाग वाटतो!"

"शिकेल. तुम्ही शनिवारी वनस्पती उद्यानात जा. ऑर्किडचं प्रदर्शन आहे. उद्घाटनाला तेच उपमंत्री आहेत. दीड कॉलम गोड बातमी आणा. 'अक्षम्य' नको. 'ढिसाळ' नको. आणि शेवटी 'याला जबाबदार कोण?' तर मुळीच नको." (हे सांगणं भाग होतं. मागच्या खग्रास ग्रहणाच्या बातमीच्या शेवटीही गणपतरावांनी तेच विचारलं होतं.) "अशी बातमी आणलीत, तर सोमवारपासून पास तुमचा."

पत्रकार कक्षातली पहिल्या रांगेतली उजवीकडची खुर्ची त्यांना डोळ्यांसमोर दिसली. तिच्यावर गिरिधर बसलेला दिसला. "आणतो," ते म्हणाले.

आता सासऱ्यांबद्दल. लहानूजी राऊत भिवापूरचे. शेती मिरचीची, वर पंधरा-वीस आंबे. लेकीला, म्हणजे प्रेमिलाला, भेटायला अर्धं पोतं मिरची घेऊन आले होते. ती गच्चीवर वाळत घातल्यापासून धरमपेठेतली ती गल्ली शिंकत होती. लहानूजींना रिकामं बसायची सवय नव्हती. आठ दिवसांत त्यांनी जावयाच्या बाजेची दोरी ताणून दिली, तुळशीची माती बदलली, आणि शेजारच्या मनकर्णाबाईंची जाई (न विचारता) अशी छाटली की मनकर्णाबाई तेव्हापासून प्रेमिलाशी बोलत नव्हत्या. पुढचा नंबर त्यांच्या लिंबाचा होता. प्रदर्शनाच्या निमंत्रणावर 'सहकुटुंब' असं छापलं होतं. तेवढीच एक संध्याकाळ गल्ली सुरक्षित राहील, असा हिशेब करून गणपतरावांनी गालावरचा फेस पुसला आणि म्हणाले, "मामाजी, चला. फुलं दाखवतो."

"फुलंच ना जी? चाला."

उद्यानात पोचेपर्यंत साडेतीन झाले. काचघरात कुंड्या मांडल्या होत्या. पिवळी, जांभळी, ठिपक्यांची, मिशा असल्यासारखी, जीभ बाहेर काढल्यासारखी अशी नाना तऱ्हेची फुलं. लहानूजींनी एका कुंडीत सरळ बोट घातलं.

"जवाईबापू, माती कुठं हाये जी? निस्ता कोयसा अन् इटाचे तुकडे."

"मामाजी, याला माती लागत नाही. हवेवर जगतं हे."

"हवेवर? पेपरात नोकरीले होतं का?"

प्रेमिला पदर तोंडाला लावून दुसऱ्या कुंडीकडे वळली. गणपतराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष वेगळ्याच युद्धात होतं. पाट्यांवर 'उध्दघाटन' लिहिलं होतं. पत्रकारांसाठी तीन खुर्च्या होत्या आणि तिन्हीवर कोणाचे तरी मेहुणे बसले होते. पिण्याच्या पाण्याच्या माठात पाणी नव्हतं. चार वाजताचे उपमंत्री सव्वापाचला येणार असल्याचा निरोप होता. एरवी एवढ्या ऐवजात गणपतरावांनी अग्रलेखाची जागा खाल्ली असती. आज त्यांनी वहीत लिहिलं, 'व्यवस्था उत्तम.' मग त्यांनी माठाकडे पुन्हा पाहिलं आणि 'चोख' हा शब्द वाढवला. लग्नात मुलीच्या बापाला जे वाटतं, ते त्यांना तेव्हा वाटलं असावं.

प्रदर्शनाचं खरं आकर्षण काचघराच्या बाहेर होतं. तिथं चारी बाजूंनी कनात लावून काहीतरी झाकलं होतं. उद्यानाचे संचालक डॉ. हरकरे तिच्याभोवती, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा घालतो तशा, फेऱ्या घालत होते. उपमंत्री दोरी ओढणार, कनात पडणार आणि आतलं आश्चर्य दिसणार, असा बेत होता.

कनात सात फूट उंच होती. आंबा तिच्यापेक्षा उंच होता. लहानूजींना कनातीच्या वर शेंडा दिसला.

"आंबा हाये वाटते," ते म्हणाले. "मोहोर धरला का पाहून येतो."

"या पाहून," गणपतराव म्हणाले. वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत अनेकांनी त्यांना सांगितलं होतं, की माणसाकडे पाहून उत्तर द्यावं.

नंतर पाऊण तास बरा गेला. डॉ. हरकरे उपमंत्र्यांच्या स्वागताला फाटकावर गेले. गणपतरावांनी 'मनोहारी', 'रमणीय' आणि 'स्तुत्य' हे शब्द आयुष्यात पहिल्यांदाच एका पानावर लिहून पाहिले. मध्येच प्रेमिला येऊन म्हणाली, "अहो, बाबांनी फूल आणून दिलं. कसं दिसतं?"

"छान," गणपतराव म्हणाले. एकवीस वर्षं ते याच शब्दात आणि याच कोनात, म्हणजे खाली मान घालून, उत्तर देत आले होते.

सव्वापाच म्हणता म्हणता साडेपाचला उपमंत्री आले. झोप झालेली दिसत होती. हार झाले. डॉ. हरकरे माइकसमोर उभे राहिले.

"या कनातीमागं एक साधं आंब्याचं झाड आहे. पण त्या एका झाडावर आम्ही आसाम, सिक्कीम आणि सह्याद्रीतल्या एकवीस जातींची ऑर्किडं वसवली आहेत. जंगलात जशी वाढतात, तशी. त्यातलं एक सात वर्षांनंतर परवा पहिल्यांदा फुललं. एकच फूल. जांभळं. ते पाहायला कलकत्त्याहून विद्वान निघाले आहेत. मी साहेबांना विनंती करतो..."

साहेबांनी दोरी ओढली. कनात पडली.

आत एक साधं आंब्याचं झाड होतं.

एवढं स्वच्छ झाड नागपुरात कोणी पाहिलं नसेल. बुंधा घासलेला. फांद्या मोकळ्या. खाली आळं करून त्यात पाणीसुद्धा घातलेलं. सगळे उपमंत्र्यांकडे पाहू लागले. मग उपमंत्र्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं.

"वा!" ते म्हणाले. "अप्रतिम!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. उपमंत्र्यांनी वाजवल्या म्हणून त्यांच्या सचिवांनी वाजवल्या. सचिवांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. डॉ. हरकरे माइकचा दांडा धरून हळूहळू खाली बसले.

गणपतरावांनी मनात दहा आकडे मोजायचं ठरवलं. पास, खुर्ची, सोमवार... एक, दोन, तीन. चारवर त्यांना झाडाखाली तुटलेल्या सुतळ्या दिसल्या.

"अक्षम्य!" गणपतराव गरजले.

लोक वळले. गणपतराव जवळच्या खुर्चीवर चढले. (त्यावरचा मेहुणा आपोआप उतरला.) आठवडाभर दाबून ठेवलेली वाफ बाहेर पडली. "सरकारी उद्यानात, दिवसाढवळ्या, सात वर्षांचे परिश्रम धुळीला मिळतात आणि इथं टाळ्या वाजतात! पहारा कुठं होता? याला जबाबदार कोण? पोलीस बोलवा! पंचनामा करा! ज्या कोणा नराधमानं हे केलं असेल, त्याचं नाव उद्या 'लोकडंका'च्या पहिल्या पानावर येईल. जाड टायपात, गावासकट! मग तो कितीही मोठा असो, कोणाच्याही नात्यातला असो!"

शेवटचं वाक्य त्यांनी उपमंत्र्यांकडे पाहून म्हटलं. उपमंत्र्यांना घाम फुटला. त्यांचे नातेवाईक पुष्कळ होते आणि कोण कुठं असतो याची त्यांना खात्री नव्हती. "भोयरसाहेबांचं बरोबर आहे," ते घाईनं म्हणाले. "नाव छापलंच पाहिजे."

शेजारी 'दैनिक चौघडा'चा वार्ताहर प्रत्येक शब्द लिहून घेत होता.

तेवढ्यात नळाकडून लहानूजी आले. हात ओले, धोतर खोचलेलं, पाठीवर दुपट्ट्याचं भलंमोठं गाठोडं.

"कोनाचा पंचनामा होऊन राह्यला गा?" त्यांनी समोरच्या माणसाला विचारलं.

"अहो आजोबा, या झाडावरचं सगळं कोणी तरी तोडून नेलं."

"नेलं नाई बाप्पा. हे काय, इथंच हाये." त्यांनी गाठोडं डॉ. हरकऱ्यांच्या पायाशी सोडलं. "साहेब, तुमच्या आंब्याले काय बांडगूळ लागलं होतं जी! एक फांदी सुटली नवती. माह्या वावरात असं झाड असतं तं पोरायले उपाशी ठेवलं असतं. आता जाळून टाका हे. आन त्या गड्याले कामावरून काढा."

"बांडगूळ नाही हो!" डॉ. हरकरे जमिनीवरूनच ओरडले. "ऑर्किड! ऑर्किड आहेत ती!"

"ऑर्किड तिकडं कुंड्यात हाये. मी पाह्यलं नं. हे झाडावरचं. हे झाडाचं रगत पिते."

"नाही पीत! एक थेंब पीत नाही! नुसतं झाडावर बसतं. कोणाचं काही घेत नाही!"

"असं बसल्यावर सारेच सांगतात जी," लहानूजी म्हणाले.

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं उपमंत्री हसले. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून आधी आपणच हसावं, हे राजकारणात लवकर शिकवतात.

"पण आजोबा, ती सुतळीनं बांधलेली होती! ते तरी दिसलं ना?"

"दिसलं नं. मी मनलं, पाहा बाप्पा, बांडगूळ पडू नाई म्हून बांधून ठेवलं. पन सरकारी काम होय, म्हून काही बोललो नाई."

डॉ. हरकऱ्यांनी गाठोडं उपसलं. एकवीस रोपं निघाली. सगळी धड. लहानूजी बांडगूळ काढतात तेव्हा मुळासकट काढतात, अर्धवट काम त्यांना खपत नाही. त्यामुळे पुन्हा बांधली तर जगणार होती. पण जांभळं फूल?

डॉ. हरकऱ्यांची नजर गर्दीतून फिरत फिरत प्रेमिलापाशी थांबली. मग तिच्या अंबाड्यावर थांबली.

"बाई," ते क्षीण आवाजात म्हणाले, "ते... सात वर्षं..."

प्रेमिलानं हात वर नेला. फूल चाचपलं. "अग बाई!" ती म्हणाली. "मी तर यांना दाखवलं होतं! हे म्हणाले, छान!"

आता सगळी गर्दी 'हे' कोण ते शोधू लागली. उपमंत्री लहानूजींना विचारत होते, "कुठले तुम्ही?"

"भिवापूर."

"मिरचीचं भिवापूर? वा! माझे वडील शेतकरी. त्यांनीही असं झाड पाहून हेच केलं असतं. इथं कोणाकडे आलात?"

"लेकीकडं आलो जी. थे पाहा माही लेक, फूल लावून हाये. आन," लहानूजींनी अभिमानानं बोट वर केलं, "थे खुर्चीवर उभे हायेत नं, थे माह्ये जवाई."

गणपतराव अजून खुर्चीवरच होते. उजवा हात 'असो!' म्हणताना जिथं गेला होता, तिथंच होता. खुर्चीवर चढायला त्यांना एक सेकंद लागला होता. उतरायला बराच वेळ लागला.

'चौघडा'वाला वही घेऊन जवळ आला. "गणपतराव, राऊत हे आडनाव जाड टायपात ना? गावासकट म्हणालात."

रात्र पडायच्या आत रोपं परत झाडावर चढली. डॉ. हरकरे नावं सांगत होते आणि लहानूजी गाठी मारत होते. गाठी आधीपेक्षा चांगल्या बसल्या, असं डॉ. हरकऱ्यांनी कबूल केलं. फूल त्यांनी पाण्याच्या पेल्यात ठेवलं आणि पेला छातीशी धरून ते घरी गेले.

सायकलरिक्षात प्रेमिलानं मोकळा अंबाडा चाचपला. मग म्हणाली, "लिहा. नराधम लिहा, गाव लिहा, जाड टायपात लिहा. फक्त उद्यापासून जेवायला त्या पहिल्या पानावरच बसा."

"लिहू दे वं," लहानूजी म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं. "आपलं नाव पेपरात कधी आलं? जवाईबापू, लहानूजी मधला 'हा' बराबर टाका मात्र."

गणपतराव ऑफिसात जाऊन बसले. एकीकडे अठ्ठावीस वर्षांचं व्रत : डोळ्यांनी पाहिलेली बातमी दाबायची नाही. दुसरीकडे बायको. तिसरीकडे पास, बाबारावांना तर गोड बातमीच हवी होती. तीन कागद फाडले. चौथ्यावर दीड कॉलम उतरला. ऑर्किडं मनोहारी होती. व्यवस्था चोख होती. उपमंत्री (पूर्ण वेळ) उपस्थित होते. आणि झाडाबद्दल एक वाक्य : 'आम्रवृक्षावरील ऑर्किडांची मांडणी एका अनुभवी शेतकऱ्याच्या सक्रिय सहकार्यानं नव्यानं करण्यात आली.' या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. असली वाक्यं सरकारी पत्रकात आली, की गणपतराव ती मोठ्यानं वाचून दाखवून हसत असत.

रविवारी सकाळी 'चौघडा'नं पहिल्या पानावर चौकट टाकली : 'सासऱ्यांनी ऑर्किडं उपटली, जावयाची खुर्चीवरून पंचनाम्याची मागणी!' लहानूजींनी कोपऱ्यावर जाऊन 'चौघडा'चे पाच अंक आणले. भिवापूरला द्यायचे होते. मग त्यांनी 'लोकडंका' पुढून मागून पाहिला.

"तुमच्याकडं नाई आलं, जवाईबापू?" ते हळूच म्हणाले. "जागा नसंन."

दुपारी गणपतराव बाबारावांसमोर उभे होते. टेबलावर दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवलेले.

"तुमची बातमी वाचली," बाबाराव म्हणाले. "एकही 'अक्षम्य' नाही. सुरेख."

"मग पास..."

"गिरिधरकडेच राहील."

"बाबाराव, तुम्ही शब्द दिला होता! गोड बातमी आणा म्हणालात!"

"म्हणालो होतो. तुम्ही गोड तेवढं आणलंत, बातमी 'चौघडा'नं नेली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरात बातमी घडली, गणपतराव, आणि ती आम्हाला दुसऱ्याच्या पेपरात वाचावी लागली." मग बाबारावांनी चष्मा काढून पुसला. "याला जबाबदार कोण, हे मी विचारत नाही."

सोमवारी सकाळी मात्र घरासमोर सरकारी जीप उभी राहिली. शिपायानं लखोटा दिला. उपमंत्र्यांना लहानूजी फार आवडले होते. आत विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास होता : 'श्री. लहानूजी राऊत, प्रगतिशील शेतकरी, भिवापूर, व सोबत एक व्यक्ती.'

प्रेमिलाला मनकर्णाबाईंशी समेट करायचा होता. लहानूजींनी पास खिशात ठेवला आणि म्हणाले, "जवाईबापू, तुम्हीच चाला. मले तिथलं काही समजत नाई."

गणपतराव तासभर नाही म्हणाले. मग त्यांनी कोट घातला.

प्रेक्षकांच्या फाटकावर मुंबईहून आलेला शिपाई रजिस्टर घेऊन बसला होता. लहानूजींचं नाव, गाव, व्यवसाय लिहून झालं. शिपायानं मान वर न करता विचारलं, "सोबतची व्यक्ती?"

"गणपतराव भोयर," गणपतराव म्हणाले. छाती जरा पुढे आली. "व्यवसाय, ज्येष्ठ वार्ता..."

"वार्ताहर असाल तर या फाटकातून नाही," शिपाई म्हणाला. "पलीकडचं फाटक. पत्रकारांचा पास दाखवायचा आणि आत जायचं. आहे?"

पलीकडच्या फाटकातून गिरिधर आत शिरत होता. गळ्यात पास लटकलेला. त्यानं लांबून हात केला. गणपतरावांच्या मागं रांग वाढत होती. सभागृहाची घंटा वाजली.

"नाही," गणपतराव म्हणाले.

"मग व्यवसाय काय लिहू?"

अठ्ठावीस वर्षांत गणपतरावांना दुसरं काही व्हायला वेळच मिळाला नव्हता. लहानूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना दया आली, आणि ते पुढे झाले.

"लिहा जी, जवाई."

शिपायानं लिहिलं. "नोकरी सरकारी की खाजगी?"

"खाजगीच हाये. एकवीस वर्षं झाले," लहानूजी म्हणाले. "आमीच लावून देल्ली."